कोऱ्या चहाचे सुगंध



"डॉक्टर, यांना चहा बंद करायला तुम्हीच सांगा. आमचं ऐकत नाहीत." हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानी पडते. बोलणारी कधी सून असते, कधी मुलगा, कधी पत्नी. ज्यांच्याविषयी बोलणे चाललेले असते ते ज्येष्ठ मात्र शेजारच्या खुर्चीत अपराध्यासारखे मान खाली घालून बसलेले असतात.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत मी असाच निकाल देऊन मोकळा झालो होतो. आपण त्यांना गुरुजी म्हणू. वय शहात्तर, मधुमेह, दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. सूनबाईंच्या आग्रहावरून मी कागदावर "चहा बंद" असे लिहिले आणि त्याखाली रेघही ओढली. तीन महिन्यांनी साखरेचा अहवाल चांगला आला. सगळे समाधानी होते. माझे लक्ष वजनाच्या काट्याकडे गेले, तेव्हा वजन साडेतीन किलोंनी घटलेले दिसले. त्या दृष्टीने सर्व तपासण्या केल्या, पण दुसरे कारण सापडले नाही. सूनबाईंनी सांगितले, की बाबा हल्ली सकाळी वर्तमानपत्र उघडत नाहीत आणि संध्याकाळी कट्ट्यावरही जात नाहीत. मी गुरुजींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "चहा गेला त्याचं काही नाही हो. पण चार वाजले की काय करायचं, तेच सुचत नाही."

माझी चूक मला तेव्हा कळली. दोष साखरेचा होता आणि मी काढून घेतला होता चहा. दहा चमचे साखर म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, आणि हे प्रमाण निरोगी माणसासाठी आहे. तेव्हा साखर कमी करणे आवश्यकच होते. पण चहासोबत सकाळची दोन बिस्किटे, दुपारची मूठभर चिवड्याची बशी, शेजाऱ्यांशी होणारे चार शब्द आणि दिवसाला असलेला आकार, हेही सारे मी पुसून टाकले होते.

उतारवयात आनंदाची एकेक गोष्ट वजा होत जाते. दात गेले की कडक भाकरी जाते, गुडघे दुखू लागले की फिरणे जाते, दृष्टी मंदावली की वाचन जाते. म्हणून जे उरले आहे त्यावर काट मारण्यापूर्वी, त्यात नेमके अपायकारक काय आहे हे पाहणे डॉक्टरांचे आणि घरच्यांचेही कर्तव्य आहे. चहाच्या बाबतीत हा विचार करताना मला उपयोगी पडला तो सुगंधी कोरा चहा. आजचा लेख त्याविषयी आहे.

कोरा चहा कडू का लागतो?

गुरुजींना मी प्रथम कोरा चहा सुचवला, तेव्हा त्यांनी तोंड वाकडे केले. "तो तर काढा! आजारी माणसाला देतात तो." अनेकांचा अनुभव असाच असतो. याचे कारण आपली चहा करण्याची रीत. दुधाच्या चहासाठी आपण चहाची पूड पाण्यात खळखळ उकळतो. त्यामुळे पानांतील तुरट द्रव्ये भरपूर उतरतात. दुधातील प्रथिने या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात आणि साखर उरलेला कडवटपणा झाकते. दूध आणि साखर काढून घेतली पण उकळणे तसेच ठेवले, तर हाती उरतो तो काढाच.

कोऱ्या चहाची रीत वेगळी आहे. एका कपाला सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा पानांचा चहा घ्यावा. पाणी उकळल्यावर गॅस बंद करावा, चहा घालावा आणि झाकण ठेवून तीन मिनिटे थांबून लगेच गाळावा. झाकण महत्त्वाचे, कारण सुगंध उडून जाणारा असतो. चहा मुरण्याची वेळ मिनिटभराने वाढली, तरी चवीत फरक पडतो. गुरुजींनी यासाठी जुने घड्याळ स्वयंपाकघरात आणून ठेवले.

सुगंध येतो कुठून?

चहाच्या वाळलेल्या पानाचा एक गुण असा, की ते आसपासचा वास चटकन शोषून घेते. हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेल्या चहाला हिंगाचा वास लागतो, हे गृहिणींना ठाऊक असते. सुगंधी चहा तयार करणाऱ्यांनी याच गुणाचा उपयोग केला. चीनच्या फुजियान प्रांतातील लाप्सांग सूचाँग हा काळा चहा चिडाच्या म्हणजे पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्याला चुलीजवळच्या धुराची आठवण करून देणारा वास असतो. अर्ल ग्रे या प्रसिद्ध चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेलाचा सुगंध दिलेला असतो. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिणेकडील कॅलाब्रिया भागात पिकते. चहाला नाव मिळाले ते 1830 ते 1834 या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांचे.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. मलबारातील सुलेमानी चहात लिंबू असते, बंगालमध्ये लिंबाच्या चहात काळे मीठ घालतात, मुंबईच्या इराण्याकडे पुदिन्याचा चहा मिळतो. आपल्या परसातला गवती चहा, आले आणि वेलदोडा यांच्याविषयी तर सांगायलाच नको.

घरच्या घरी चार-पाच सुगंध सहज जमतात. संत्र्याची साल मिठाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन, आतला पांढरा भाग काढून, सावलीत कडकडीत वाळवावी. वेलदोड्याची टरफले टाकून न देता जपून ठेवावीत. गुलाबाच्या पाकळ्या घरच्या कुंडीतल्याच घ्याव्यात. हारवाल्याकडील गुलाबांवर कीटकनाशके फवारलेली असण्याचा संभव असतो. प्रत्येक सुगंधासाठी घट्ट झाकणाची वेगळी बरणी असावी आणि तीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. विकतचा सुगंधी चहा घेतल्यास लहान पाकीट घ्यावे आणि घटकांची यादी वाचावी. यादीत जो घटक सर्वांत अधिक, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. झटपट तयार होणाऱ्या लिंबू चहाच्या पुडीवर अनेकदा पहिले नाव साखरेचेच आढळेल.

जिभेपेक्षा नाकाचे काम मोठे

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी उमामी अशा मोजक्याच चवी कळतात. संत्रे, गुलाब, वेलदोडा हे सारे नाकाला कळते. घोट घेतल्यावर सुगंधाचे कण घशाच्या मागील बाजूने नाकात चढतात आणि आपल्याला वाटते की चव जिभेवर आहे. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते याचमुळे.

साठीनंतर ही घ्राणशक्ती हळूहळू मंदावते. ऐंशीच्या पलीकडे निम्म्याहून अधिक लोकांत ती स्पष्टपणे कमी झालेली असते. हा बदल इतका सावकाश होतो, की त्या व्यक्तीला स्वतःला तो कळतही नाही. "हल्ली आमटीला चव नसते," अशी तक्रार सासऱ्यांनी केली की सुनेला वाईट वाटते, आणि सासरे वरून मीठ घेतात. साखर, मीठ यांचा हात वाढण्यामागे अनेकदा मंदावलेले नाक असते. म्हणूनच सुगंध वाढवून साखर कमी करण्याचा मार्ग मला रास्त वाटतो.

घ्राणशक्तीला काही प्रमाणात सरावाचा उपयोगही होतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील वैद्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वास कमी झालेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायला दिले होते. त्यांतील काहींची घ्राणशक्ती सुधारली. चहाच्या बरण्या हुंगणे म्हणजे तो उपचार नव्हे. पण लक्ष देऊन वास घेण्याची सवय मोडू न देणे, एवढे तरी त्यातून साधते.

चव घेण्याची रीत

चहाच्या कंपन्यांत चवीची पारख करणारे तज्ज्ञ असतात. ते चमच्यातून चहा मोठ्याने आवाज करत ओढतात. त्यामुळे चहा तोंडभर पसरतो आणि हवेबरोबर सुगंध नाकापर्यंत पोहोचतो. लहानपणी ज्यासाठी आपण वडीलधाऱ्यांची बोलणी खाल्ली, तो भुरका हाच त्यांचा व्यवसाय! आणि आपल्या आजोबांची बशीत ओतून चहा पिण्याची रीतही वाटते तितकी गावंढळ नाही. बशीत चहा लवकर निवतो आणि त्याचा वास पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2016 मध्ये, पासष्ट अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष काढला. तेव्हा बशीची लाज वाटू देऊ नये. कपातून पिणाऱ्यांनी चार-पाच मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात सुगंध अधिक स्पष्ट होतो.

एका दिवशी एकच सुगंध घ्यावा. आधी कोरडी पाने हुंगावीत, मग वाफ, मग घोट. कोणता वास आला, कशाची आठवण झाली, हे शेजारच्या माणसाला सांगावे. गुरुजींनी जुनी वही काढली आणि सवयीप्रमाणे प्रत्येक चहाला दहापैकी गुण देऊ लागले. संत्र्याच्या सालीला आठ मिळाले, गुलाबाला सहा. मुलाने आणलेल्या धुराच्या वासाच्या चहाला त्यांनी तीन गुण दिले आणि पुढे शेरा लिहिला, "पुन्हा बसावे."

काही गोष्टी जपाव्यात

सुगंधी झाला तरी तो चहाच आहे. पुढील बाबी कृपया लक्षपूर्वक वाचाव्यात.

वेळ: मोठ्या कपभर काळ्या चहात साधारण चाळीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफीन असते. शरीरातून त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, वयोमानानुसार अधिकही. चारच्या चहातील निम्मे कॅफीन रात्री नऊलाही अंगात असते. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा रात्री लघवीला वारंवार उठावे लागत असेल, तर शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत घ्यावा. रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून याकडे क्षुल्लक गोष्ट म्हणून पाहू नये. सायंकाळी काही हवेसे वाटले, तर चहापूड न घालता केवळ गवती चहा, आले किंवा वेलदोडा गरम पाण्यात मुरवावा. गवती चहा हे गवत आहे, त्यात कॅफीन नसते.

जेवण आणि गोळ्या: चहातील तुरट द्रव्ये वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतात. शाकाहारी व्यक्तींनी आणि रक्त कमी असलेल्यांनी जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा. लोहाची गोळी चहासोबत कधीही घेऊ नये. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने घ्यावा.

ज्येष्ठमध: साखर न घालता गोडवा यावा म्हणून काही सुगंधी चहांत ज्येष्ठमध घालतात. रोज आणि भरपूर प्रमाणात घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो टाळावा.

इतर मसाले: बाजारातील जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन नावाचे द्रव्य असते. ते अधिक प्रमाणात यकृताला अपायकारक ठरते. कधीमधी तुकडाभर दालचिनी चालेल, रोज चमचाभर पूड नको. पुदिन्याने काहींची आम्लपित्ताची जळजळ वाढते. काळ्या मिठाचा चहा रक्तदाबाच्या रुग्णांसाठी नव्हे. "वजन घटवणारा चहा" अशा नावाच्या पाकिटांत सोनामुखीसारखी रेचके असू शकतात. ज्येष्ठांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रमाण: 2002 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चव्वेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांची हकिकत प्रसिद्ध झाली होती. ते रोज चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे चहा पीत. त्यांच्या स्नायूंत गोळे येऊ लागले आणि दृष्टी धूसर झाली. बर्गमॉटचा चहा सोडून साधा काळा चहा घेऊ लागल्यावर त्यांचा त्रास थांबला. दिवसाला एक-दोन कप घेणाऱ्याने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. सुगंधही मात्रेतच बरा, एवढेच यातून घ्यावे. दिवसाला दोन ते तीन लहान कप पुरेत. हृदय अथवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, त्यांनी चहाही त्याच हिशेबात धरावा.

दूध: कोऱ्या चहाचे कौतुक करताना दुधाच्या चहाला मी शत्रू मानत नाही. ज्यांचे खाणे कमी आहे आणि वजन उतरत आहे, त्यांचे दूध तोडू नये. चहा कोरा घेतला, तर दूध दिवसात वेगळे द्यावे. गुळाला किंवा मधाला मात्र मधुमेहात साखरेप्रमाणेच मोजावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आपण ज्येष्ठांसाठी चहा करता, तेव्हा बरण्या पुढे ठेवून "आज कोणता?" असे जरूर विचारा. परावलंबी झालेल्या माणसाला दिवसभरात स्वतः ठरवण्यासारखे फार थोडे उरलेले असते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नाव आठवणार नाही कदाचित, पण बरणी हुंगून ती बोट दाखवू शकते. वास आणि जुन्या आठवणी यांची मेंदूतील केंद्रे परस्परांच्या फार निकट आहेत. आल्याच्या वासाने एखादी आजी अचानक माहेरच्या स्वयंपाकघराविषयी बोलू लागली, तर तिला बोलू द्यावे. तपशील चुकले तरी दुरुस्त करत बसू नये.

हात थरथरत असल्यास कप पाऊणच भरावा आणि दोन बोटे सहज मावतील असा कान असलेला घ्यावा. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनच्या विकारात पातळ पेय गिळताना ठसका लागत असेल, तर चहा देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. असा ठसका फुप्फुसांच्या संसर्गाचे कारण ठरू शकतो.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गुरुजींच्या वहीत एका हिवाळ्यात सर्वच चहांचे गुण एकाएकी दोन-तीनवर आले. सूनबाईंना प्रथम वाटले, बाबा कंटाळले. त्यांनी संत्र्याच्या सालीची बरणी उघडून पाहिली, तर वास नेहमीसारखाच होता. त्या मला वही दाखवायला घेऊन आल्या. गुरुजींच्या नाकात जुनाट सर्दीची सूज होती. उपचारांनी वास पुष्कळसा परत आला, पूर्ण नाही. पण त्या निमित्ताने घराला समजले, की दुपारी एकटे असताना गॅस गळला तर तो बाबांना कळणार नाही. त्याच आठवड्यात त्यांनी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवले आणि शिळे अन्न वासावरून न ओळखता झाकणावर तारीख लिहून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आपल्या घरातील ज्येष्ठांना वास येईनासा झाला असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. नाकाच्या साध्या सुजेपासून मेंदूच्या काही विकारांच्या सुरुवातीपर्यंत त्याची कारणे असू शकतात. डॉक्टरांना दाखवा.

गुरुजी आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. साखर पूर्णपणे आटोक्यात आहे असे नाही, पण गेलेले वजन भरून आले आहे. दुपारी चार वाजता कट्ट्यावरचे दोन मित्र त्यांच्याकडे येतात. तिघांपुढे तीन बश्या असतात आणि वही मध्ये असते. मागच्या खेपेस तपासणीला आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर एक लहान पुडी ठेवली. लिंबाची वाळवलेली साल आणि गवती चहा घातलेला काळा चहा होता. "करून बघा आणि गुण कळवा," असे त्यांनी बजावले.

मी सात गुण दिले. तीन मिनिटांऐवजी पाच मिनिटे मुरवला, हे मात्र त्यांना सांगितलेले नाही.